नव्या घराचं फिनिशिंग: अंदाजपत्रक करताना हमखास पडणारे प्रश्न

स्वतःच्या प्लॉटवर हजार-बाराशे चौरस फुटांचं घर बांधणाऱ्यांसाठी हे पान आहे. तयार फ्लॅट घेणाऱ्यांना यातलं सुतारकाम आणि रंगकाम तेवढं उपयोगी पडेल. दर गावागणिक आणि महिन्यागणिक बदलतात, म्हणून इथे दरांपेक्षा मापांवर भर दिला आहे. जिथे रुपये लिहिलेत तिथे "समजा" असं धरून वाचा आणि आपल्या गावचा दर घाला.

एकूण खर्चात फिनिशिंगचा वाटा किती धरायचा?

साध्या पण नीटनेटक्या घराला ढोबळमानाने निम्मा. पाया, कॉलम, स्लॅब, वीटकाम हा एक भाग. गिलाव्यापासून पुढचं सगळं, म्हणजे फरशी, दारं-खिडक्या, वायरिंग, प्लंबिंग, ओटा, रंग हा दुसरा. कपाटं, किचनच्या ट्रॉल्या, पलंग, पडदे यात धरलेले नाहीत. तो तिसरा हिशेब, आणि बहुतेक घरांत तो कागदावर मांडलेलाच नसतो.

टक्केवारीवर फार विसंबू नका मात्र. सळई किती आणि काँक्रीट किती हे इंजिनिअर ठरवतो, त्यात तुमच्या आवडीनिवडीला जागा नाही. फिनिशिंगमध्ये सगळी आवडनिवडच असते, म्हणून त्याच घराचं फिनिशिंग एकाला आठ लाखांत होतं आणि शेजाऱ्याला सोळा लाखांत. शिवाय काळ्या मातीत पाया खोल न्यावा लागतो, जोत्यापर्यंत येतानाच अंदाज ओलांडला जातो आणि ती तूट पुढे फरशीतून, नळांतून, दारांतून काढली जाते. ती तशी निघू द्यायची नसेल तर एकच उपाय आहे: जोतं चालू असतानाच फिनिशिंगची रक्कम आकड्यात ठरवायची, वेगळ्या खात्यात टाकायची आणि स्लॅबसाठी तिला हात लावायचा नाही. निर्णयही तेव्हाच घ्यायचे. टाइल कोणती, कमोड भिंतीवरचा की जमिनीवरचा, एसी किती, हे स्लॅबच्या आधी ठरलं तर स्वस्तात होतं. तेच नंतर ठरवलं की तोडफोडीसकट होतं.

ठेकेदाराने "चौरस फुटाला इतके" असा दर दिलाय. त्यात सगळं आलं का?

बहुधा नाही. आणि हे तुम्हाला कोणी आपणहून सांगणार नाही.

आधी कोणतं क्षेत्रफळ ते विचारा. बरेच ठेकेदार स्लॅबचं माप धरतात, म्हणजे बाल्कनी, जिना, पोर्च, कधी छज्जेसुद्धा पूर्ण दराने मोजले जातात. पोर्च अर्ध्या दराने धरायचा असेल तर ते करारात लिहून घ्यायचं, तोंडी चालत नाही.

मग "बेसिक रेट" बघा, म्हणजे त्या वस्तूसाठी ठेकेदाराने धरलेली किंमत. सगळी मेख इथेच असते. समजा करारात टाइलचा बेसिक रेट ४५ रुपये आहे. तुम्ही दुकानात जाता, सेल्समन टाइलवर ओलं फडकं फिरवून चमक दाखवतो आणि घरच्यांना ७० रुपयांची पसंत पडते. वरचे २५ रुपये तुमचे. हजार फुटांवर झाले २५ हजार, आणि त्यात तुटफूट, स्कर्टिंग (भिंतीच्या तळाशी लावायची टाइलची पट्टी), बाथरूम अजून धरलेलं नाही. त्यात हा बेसिक रेट करासह की करावेगळा? टाइलवर १८ टक्के जीएसटी आहे, म्हणजे करावेगळे ४५ हे प्रत्यक्षात ५३ रुपये १० पैसे. ठेकेदार आणि दुकानदार दोघेही खरंच बोलत असतात, फक्त एक कर धरून बोलतो आणि दुसरा न धरता. टाइलसारखाच बेसिक रेट नळ, कमोड, दरवाजे, स्विच, ओट्याचा ग्रॅनाइट या प्रत्येकाचा मागा. वायरिंगचे पॉइंट, म्हणजे दिवा, पंखा, प्लग यांच्या जागा, किती धरलेत तो आकडाही मागा.

शेवटी, त्यात काय नाही ते विचारा. कंपाउंड, गेट, पाण्याची टाकी, सेप्टिक टँक, बोअर, पेव्हर ब्लॉक, माळे, कपाटातले कडप्पे हे हमखास "एक्स्ट्रा" असतात. फिनिशिंगचे पैसे रंगाने संपले अशी तक्रार क्वचितच ऐकू येते. ते बहुतेक वेळा कंपाउंड आणि गेटने संपवलेले असतात.

काम मजुरीवर द्यावं की मटेरियलसह?

साइटवर रोज कोणी घरचं माणूस उभं राहू शकत असेल तर फिनिशिंग मजुरीवर द्यावं, असं माझं मत. माल आपण घेतला की काय वापरलं ते आपल्याला माहीत असतं. कराचाही भाग आहे: एकट्या स्वतंत्र घराच्या नव्या बांधकामाची निव्वळ मजुरीची कंत्राटं जीएसटीतून मुक्त आहेत, मटेरियलसह काम दिलं की नोंदणीकृत ठेकेदार १८ टक्के लावतो.

पण मजुरीवर दिलं की नासाडीही तुमचीच. गवंड्याने टाइल चुकीची कापली तर त्याचं काही जात नाही. सिमेंट संपलं म्हणून चार माणसं बसून राहिली तर त्या दिवसाची मजुरी कुणी द्यायची यावरून वाद होतो. नोकरी शंभर किलोमीटरवर असेल तर हा मार्ग धरू नका.

फरशीचा हिशेब म्हणजे घराचं क्षेत्रफळ गुणिले टाइलचा दर, एवढंच ना?

इथेच सर्वांत जास्त फसगत होते, म्हणून एक बाथरूम टेप लावून मोजूया. ५ फूट बाय ७ फूट, म्हणजे जमीन ३५ चौरस फूट. चारही भिंतींचा घेर २४ फूट, डॅडो (भिंतीवरच्या टाइल) ७ फूट उंच, झाले १६८. अडीच बाय सातच्या दाराचे साडेसतरा वजा केले की दीडशे. जमीन धरून १८५. बाथरूममध्ये कोपरे, नळांची भोकं, उताराचे काप असतात, म्हणून दहा टक्के जास्त धरा: दोनशेच्या वर गेलं.

आता शेजारची १० बाय १२ची बेडरूम. जमीन १२०. घेर ४४ फूट, दार सोडून ४१ फूट, चार इंची स्कर्टिंग म्हणजे साधारण १४ चौरस फूट. तुटफूट धरूनही दीडशेच्या आत. म्हणजे नकाशावर काडेपेटीएवढं दिसणारं बाथरूम बेडरूमपेक्षा जास्त टाइल खातं. दोन बाथरूम, धुण्याची जागा, ओट्यावरचा डॅडो धरला की "हजार फुटांच्या घराला हजार फूट टाइल" हा हिशेब कुठल्या कुठे जातो.

दुसरी चूक म्हणजे टाइलची किंमत हाच फरशीचा खर्च समजणं. खाली सिमेंट-वाळूचा माल किंवा अॅढेसिव्ह (टाइल चिकटवायचं तयार मिश्रण) लागतं, वर बसवण्याची मजुरी, सांधे भरायचं ग्राउट, गाडीभाडं, हमाली आणि वरच्या मजल्यावर असेल तर चढवणीही. ५० रुपयांची टाइल शंभराच्या आसपास जाऊन बसते. दोन बाय चारची मोठी टाइल घेतली तर अॅढेसिव्ह जवळपास सक्तीचं होतं, मजुरी वाढते आणि लहान खोलीत वायाही जास्त जाते. छोट्या खोल्यांना दोन बाय दोनच बरी, दुकानदार काहीही म्हणो.

दोन बाय दोनच्या पेटीत चार टाइल्स, म्हणजे साधारण १६ चौरस फूट. पेटी फोडून मिळत नाही. सगळा माल एकाच बॅचचा घ्या, पेटीवर नंबर छापलेला असतो. आणि काम झाल्यावर एक-दोन पेट्या माळ्यावर ठेवा. तीच टाइल पुढच्या वर्षी बाजारात मिळेल याचा भरवसा नसतो.

मोरबीहून थेट गाडी मागवली तर स्वस्त पडतं का?

गुजरातमधलं मोरबी हे देशातलं टाइलचं सर्वांत मोठं केंद्र, तिथे दर कमी दिसतो हे खरं. पण एका घराच्या मालाने गाडी भरत नाही, भाडं अंगावर येतं आणि वाटेत फुटलेल्याची भरपाई मागायला तुम्ही मोरबीला जाणार नाही. चार-पाच घरं एकत्र मागवत असतील तरच विचार करा.

कोटा, शहाबादी लावली तर बचत होईल?

दगड स्वस्त, पण कोट्याला बसवल्यावर मशीनने पॉलिश करावं लागतं, त्याची मजुरी आणि वीज धरा. पॉलिशचा राडा भिंतींवर उडतो, त्यामुळे ते रंगाच्या आधी उरकायचं. जिना, व्हरांडा, मागचं अंगण यांना कोटा उत्तम. गच्ची आणि धुण्याच्या जागेला शहाबादी अजूनही चालते.

बाथरूममध्ये पैसे कुठे वाचवू नयेत?

भिंतीच्या आत जे जातं तिथे. वॉटरप्रूफिंग, सीपीव्हीसी (प्लास्टिकचे) पाणी-पाइप आणि त्यांची जोडणी, नहाणी ट्रॅप (जमिनीतली सांडपाण्याची जाळी आणि तिच्या खालचा भाग), भिंतीत गाडला जाणारा डायव्हर्टर (पाणी नळाकडे की शॉवरकडे ते वळवणारा). बाहेरचा नळ दहा मिनिटांत बदलता येतो, आतला बदलायला डॅडो फोडावा लागतो आणि मघाच्या त्या दोनशे फुटांपैकी अर्ध्या टाइल पुन्हा घ्याव्या लागतात. टाइल लावण्याआधी बाथरूममध्ये पाणी तुंबवून निदान ४८ तास ठेवायचं आणि खालच्या छताला ओल येते का ते बघायचं. फुकटची चाचणी आहे, पण गवंड्याला घाई असते. "साहेब, काही होत नाही" हे वाक्य ऐकलं की आणखी एक दिवस पाणी ठेवावं.

कमोड, बेसिन, आरसा, टॉवेल रॉड यांत खुशाल काटकसर करा.

वायरिंगचे पॉइंट किती धरायचे?

गिलाव्याआधी, विटा उघड्या असताना, वायरमनला घेऊन खडूने भिंतींवर खुणा करत फिरा. घरच्या सगळ्यांना बरोबर घ्या, विशेषतः जे स्वयंपाकघरात वावरतात त्यांना. मिक्सर, फ्रिज, वॉटर प्युरिफायर, ओव्हन, चिमणी, घरघंटी: ओट्याभोवतीच सहा-सात पॉइंट होतात आणि नकाशात दोनच असतात. मजुरी पॉइंटवर असते, त्यामुळे ही मोजणी म्हणजेच वायरिंगचं बजेट.

तारेच्या जाडीत तडजोड नको. दिवे-पंख्यांना दीड, प्लगना अडीच, एसी-गिझरला ४ चौरस मिलिमीटर, असा सर्वसाधारण प्रघात आहे. एसी आज घ्यायचा नसला तरी त्याची तार किंवा निदान पाइप आत्ताच टाका. इन्व्हर्टरची लाइन वेगळी काढा. आणि गच्चीवरून मीटरपर्यंत एक रिकामा पाइप सोडून ठेवा. पीएम सूर्यघर योजनेत घरगुती सौर पॅनलला २ किलोवॉटपर्यंत दर किलोवॉटला ३० हजार आणि ३ किलोवॉट किंवा त्यापुढे एकूण ७८ हजार रुपये अनुदान मिळतं. वर्ष-दोन वर्षांनी पॅनल बसवायचे ठरलं तर त्या पाइपमुळे रंगवलेली भिंत फोडावी लागणार नाही.

स्विचच्या प्लेटा साध्या घेतल्या तर काहीही बिघडत नाही. पाहुणे प्लेटा मोजत नाहीत.

गिलावा आणि रंगाचं क्षेत्रफळ कसं काढायचं?

तीच १० बाय १२ची खोली, उंची १० फूट. भिंती ४४० चौरस फूट, छत १२०, दार आणि खिडकीचे ४१ वजा. उरले ५१९. म्हणजे जमिनीच्या चौपटीहून जास्त. हॉलसारख्या मोठ्या खोलीत हे प्रमाण थोडं कमी येतं. हजार फुटांच्या घराला आतून चार हजारांच्या जवळपास धरून चाला. म्हणूनच रंगाऱ्याच्या दरात फुटाला तीन रुपयांचा फरक क्षुल्लक वाटला तरी तो बारा हजारांचा असतो.

जिप्सम प्लास्टर केलं तर पाणी मारावं लागत नाही, पुट्टी कमी लागते आणि काम झटपट होतं, पण ते फक्त आतल्या कोरड्या भिंतींना. बाथरूम आणि बाहेरच्या भिंतींना सिमेंटचा गिलावाच हवा.

पैसे अडत असतील तर पहिल्या वर्षी आतून पुट्टी, प्रायमर आणि एक साधा पांढरा हात मारून राहायला जा. नव्या गिलाव्यातली ओल पुरती जायला वेळ लागतोच, बारीक भेगा पडायच्या त्या पडतात, कुठे ओल येते ते पहिल्या पावसाळ्यात कळतं. भारी इमल्शन (भिंतीचा चांगला रंग) त्यानंतर लावलेलं टिकतं. नातेवाईक "रंग अर्धवट का?" विचारतील, त्यांना चहा द्या.

दारं-खिडक्यांचे पैसे कधी लागतात?

वाटतं त्यापेक्षा खूप आधी. लाकडी चौकटी वीटकाम चालू असतानाच उभ्या करतात, म्हणजे फिनिशिंगमधला हा पहिला हप्ता भिंती उभ्या राहतानाच जातो. मुख्य दार सागवानी हवं असेल तर ती हौस एका दारापुरती ठेवा, आत फ्लश (सपाट प्लायची) दारं पुरे. बाथरूमला लाकडी चौकट लावूच नका, ग्रॅनाइटची किंवा कडप्प्याची लावा, खालून कुजत नाही. खिडकीच्या दरात मच्छरजाळी, ग्रिल आणि खालचा ग्रॅनाइट धरलाय का ते विचारा. तिन्ही वेगवेगळ्या माणसांची कामं आहेत आणि प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

जुन्या वाड्याचं सागवान घरात पडून आहे. वापरावं का?

जरूर. पण फुकट समजू नका. खिळे काढणं, कापणं, रंधा मारणं यांची मजुरी लागते आणि तुळईतून हाती येणारं लाकूड दिसतं त्यापेक्षा कमी निघतं. चौकटी, मुख्य दार, देवघर एवढ्यात ते संपतं. पोकळ झालेलं किंवा वाळवी लागलेलं असेल तर मोह सोडा.

कपाटं आणि किचनसाठी सुतार वेगवेगळे दर सांगतात. तुलना कशी करायची?

कारण ते वेगवेगळी मापं धरतात. एक जण समोरचं माप धरतो: ६ फूट रुंद, ७ फूट उंच कपाट म्हणजे ४२ चौरस फूट. दुसरा मजुरी तेवढी सांगतो, तिसरा किचन रनिंग फुटावर, म्हणजे नुसत्या लांबीवर, देतो. सगळ्यांना एकाच भाषेत बोलायला लावा: मटेरियलसह, समोरच्या चौरस फुटाला, आणि त्यात प्लाय कोणता, लॅमिनेट किती जाडीचं, बिजागऱ्या आणि चॅनल कोणत्या कंपनीचे, आतून लॅमिनेट आहे की नाही, वरचा माळा धरलाय का.

प्लायवर आयएस नंबर छापलेला असतो. पाण्याजवळ, म्हणजे सिंकखाली, आयएस ७१० चा, म्हणजे मरीन प्लाय, वापरा. बेडरूमच्या कपाटाला आयएस ३०३ चा पुरतो. सगळ्या घराला महागडा मरीन प्लाय लावणं म्हणजे पैशाची उधळपट्टी आहे, आणि सगळीकडे स्वस्तातला लावणं त्याहून वाईट. प्लायचा आठ बाय चारचा एक पत्रा ३२ चौरस फुटांचा. किती पत्रे आणले आणि किती लागले याची नोंद ठेवली तरी सुतार जपून कापतो.

बँकेचं कर्ज आहे, मग फिनिशिंगला पैसे कमी का पडतात?

बँक टप्प्याटप्प्याने पैसे सोडते आणि टप्पा झाल्यावर सोडते. जोतं, स्लॅब, गिलावा, फरशी असे टप्पे. इंजिनिअर येऊन बघतो, मग हप्ता येतो. पण टाइलवाला, नळवाला, सुतार सगळे आगाऊ मागतात. म्हणजे मधल्या काळात तुमच्याच खिशातला पैसा फिरत असतो. निदान एका टप्प्याएवढी रोकड हाताशी असल्याशिवाय फिनिशिंग सुरू करू नका. फर्निचर सहसा गृहकर्जात बसत नाही. ते भागवायला पर्सनल लोन काढावं लागत असेल तर कपाटं वर्षभर थांबवा, लोखंडी कपाटात कपडे चुरगळत नाहीत.

बिलाशिवाय घेतलं तर कर वाचेल ना?

वाचेल, आणि गिझर बिघडला की गॅरंटीही मिळणार नाही. जुनं अंदाजपत्रक हाती असेल तर एक दुरुस्ती करा: सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला आहे.

आम्ही मुंबईत, घर कोकणात गावी. बजेट वेगळं करावं लागेल का?

हो. टाइल, ग्रॅनाइट, प्लाय घाट उतरून येतात, भाडं आणि हमाली वाढते. खाडी किंवा समुद्र जवळ असेल तर साधं लोखंडी ग्रिल दोन-तीन वर्षांत गंजायला लागतं, तिथे अॅल्युमिनियमसारखं न गंजणारं काहीतरी घ्या. जांभ्याच्या भिंती चिऱ्यागणिक वरखाली असतात, त्यांना गिलावा जास्त जाडीचा बसतो. बाहेरून चिरा उघडा ठेवून सांधे भरले तर गिलावा आणि रंग दोन्ही वाचतात आणि घर दिसतंही छान.

मुख्य अडचण तारखेची. सगळ्या चाकरमान्यांना घर गणपतीआधी हवं असतं, म्हणजे रंग आणि लाकूडकाम नेमकं जुलै-ऑगस्टच्या पावसात. भिंत ओली, पुट्टी सुटते, दारं फुगतात आणि दिवाळीत तीच कामं पुन्हा. शक्य असेल तर मे महिन्यात रंग उरका. नसेल तर यंदाचे गणपती प्रायमरच्या भिंतींतच बसवा.

वास्तुशांतीचा खर्च यात धरायचा का?

धरायचाच, कारण तो त्याच खिशातून जातो. मंडप, जेवणं, आहेर मिळून बऱ्याच घरांत एका बाथरूमएवढी रक्कम होते. आणि मुहूर्त काढण्याआधी सुताराला विचारा. पत्रिका छापून झाल्यावर कारागिरांना कळतं की तुम्ही अडलेले आहात, मग रात्रपाळीचा दर लागतो आणि काम उरकलं जातं, पुरं होत नाही.

राखीव किती ठेवायचं?

फिनिशिंगच्या आकड्यावर पंधरा टक्के. सगळ्या वस्तू आधी निवडून दर लिहून घेतले असतील तर दहा.

तरीही पैसे कमी पडले. काय मागे टाकता येईल?

पीओपीचं छत, कपाटं, किचनच्या ट्रॉल्या, पडदे, शोभेचे दिवे, गेटची नक्षी, बाहेरचे पेव्हर ब्लॉक, दुसऱ्या बाथरूममधला गिझर. ट्रॉल्या नंतर बसवायच्या असतील तर ओट्याखालचे कडप्प्याचे खण ट्रॉलीच्या मापाने सोडून घ्या. पीओपी पुढे करायचं असेल तर दिव्यांच्या तारा छतात आत्ताच काढून ठेवा.

मागे टाकता न येणारं थोडंच आहे: वॉटरप्रूफिंग, सगळे गाडले जाणारे पाइप आणि तारा, गच्चीचा उतार, बाहेरचा गिलावा, खिडक्या.

ठेकेदाराचा शेवटचा हप्ता कधी द्यायचा?

पाच ते दहा टक्के रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवायची, आणि ही अट करारातच लिहायची. शेवटी अचानक सांगितली तर तो भांडेल, आणि त्याचं भांडण रास्त असेल. चावी घेण्याआधी एकदा सगळे नळ एकदम सोडा, प्रत्येक दार उघडा-मिटा, प्रत्येक टाइलवर नाण्याने टकटक करा. पोकळ वाजेल तिथे खडूने फुली मारा आणि फुल्यांचा फोटो ठेकेदाराला त्याच दिवशी पाठवा.